बिनबेल्टचे सर

ठाण्याला राहायला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मतदार यादीतलं माझं नाव डोंबिवलीतच राहिलं आहे. बदलून घ्यायचं दर वेळी ठरतं आणि राहून जातं. यंदा केंद्र आमच्या जुन्या शाळेत होतं. बाहेर ऊन फार चढलं म्हणून बंदोबस्तावरच्या पोलिसाने रांग मैदानातून उचलून आत हॉलमध्ये घेतली, आणि मी पुष्कळ वर्षांनी त्या शहाबादी फरशीवर उभी राहिले.

हॉल माझ्या आठवणीपेक्षा लहान निघाला. खिडक्यांना आता सरकत्या काचा आहेत, भिंतींना फिकट पिवळा ऑइलपेंट. फरशी मात्र तीच. मधोमध पायांनी गुळगुळीत झालेली, कडेला खरबरीत. माझ्या पुढचे गृहस्थ मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते, मागे दोन बायका पाणी कधी येतं त्याबद्दल बोलत होत्या. मी खाली बघत होते. पायांत सँडल होत्या, तरी तळव्यांना ती जागा माझ्याआधी ओळखता आली असं मला वाटलं.

दुपारची शाळा सुटली की या हॉलमधली बाकं भिंतीला लावली जात. मग शिपाईमामा कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडत आणि आम्ही काथ्याच्या चटया बाहेर ओढायचो. त्या चटयांना एक वास होता. ओल्या नारळाच्या शेंड्या उन्हात वाळत घातल्यावर येतो तसा, त्यात खडूची पूड आणि फिनेल मिसळलेलं. पहिल्या महिन्यात त्या चटयांनी आमचे तळवे सोलून काढले. पुढे तळवे निबर झाले, आणि आई म्हणायला लागली की हिचे पाय बघितले तर कोणी लग्नाला उभं राहणार नाही. कराटेचे ड्रेस तेव्हा विकत मिळत, पण बहुतेकांच्या घरी मांजरपाट आणून ते शिवले जात. पहिल्या धुण्यापर्यंत ते इतके कडक असत की हात उचलला तरी कापडाचा फाडकन आवाज येई, आणि आम्हाला तो आपल्या ठोशाचा वाटे.

पूर्वेकडून वारा आला की एमआयडीसीचा वास यायचा, पश्चिमेकडून आला की खाडीचा. दोन्ही पडले की आमचाच.

ते दिवस कराटेचे होते. व्हिडिओवर सिनेमे आले होते, मुलं रस्त्याने जाताना विजेच्या खांबांना लाथा मारत जात, आणि विष्णुनगरातल्या प्रत्येक गल्लीत कोणाचा तरी भाऊ कुठे तरी क्लासला जात होता. मला मात्र डॉक्टरांनी पाठवलं. मला परीक्षेचा ताप यायचा. परीक्षेच्या सकाळी अंग तापायचं, थर्मामीटरमध्ये दिसेल इतकं, आणि उलटी व्हायची. घरी केलेली गणितं मला सगळी यायची. कागद समोर आला की डोळ्यांपुढे अंधारायचं. सातवीत मी निम्म्या पेपरांना हजरच नव्हते. वर्गशिक्षिकांनी आईला बोलावून सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण या वर्गात आणखी एक वर्ष काढलेलं बरं. डॉक्टर म्हणाले, हिला औषध नको, हिला घाम येऊ दे. शेवटी मला वर चढवलं, आणि अशी मी आठवीत हॉलमध्ये आले.

क्लास शिर्के सरांचा होता. ते मोहन्याला कारखान्यात कामाला होते. पहिली पाळी संपली की बसने कल्याण, तिथून गाडीने डोंबिवली. अंघोळ करून आलेले असत, तरी त्यांच्या कपड्यांतून कारखान्याचा वास पूर्ण जात नसे. कोबी शिजवून पातेलं तसंच विसरलं तर जसा येतो, तसा. नवी मुलं नाक मुरडायची. जुन्यांना तो वास आला की आपोआप पाठ ताठ व्हायची. सर उंचीने बेताचे, बोलायला कमी. ओरडत नसत. त्यांचा ब्लॅक बेल्ट इतका जुना होता की कडांना काळा रंग जाऊन आतलं पांढरं सूत दिसायला लागलं होतं.

सुरुवात बसण्याने व्हायची. गुडघे मुडपून, हात मांडीवर, डोळे मिटून. मुलांना वाटायचं लगेच लाथा शिकवतील, आणि इथे आम्ही नुसते बसलेलो. सर म्हणायचे, आवाज ऐका, पण त्याच्या मागे जाऊ नका. मग एकेक आवाज येऊन जायचा. स्टेशनावरची घोषणा. कुल्फीवाल्याची घंटी. कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी. शेजारच्याचा श्वास. माझा श्वास. एवढं झाल्यावर उभं राहायचं, वाकून नमस्कार करायचा, आणि जपानी आकडे मोजत ठोसे सुरू: इची, नी, सान, शी. त्या आकड्यांना आमच्यासाठी काही अर्थ नव्हता, म्हणून त्यांची भीतीही नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडले ती त्या आकड्यांमध्ये.

सरांचा एक नियम होता. क्लासला नाव घालतानाच ते पालकांना सांगत, आणि आम्हाला अधूनमधून आठवण देत. शाळेत जो नापास, त्याला वरचा बेल्ट नाही. हात कितीही चांगला चालो, घटक चाचणीत एखादा विषय राहिला, तर बेल्टच्या परीक्षेला जायचं नाही. पालकांना हा नियम फार आवडायचा.

वनिता खाडीकडच्या गावातून यायची. रेतीबंदराच्या बाजूला त्यांचं घर, मागे भातशेती, पुढे होड्या. तिच्या वडिलांना गावात सगळे नाना म्हणत. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची आणि दुपारी हमखास पेंगायची, कारण पहाटे उठून तिला घरचं पाणी भरावं लागे. ती शाळेला ‘शाला’ म्हणायची आणि पाण्याला ‘पानी’, आणि मुलं हसायची, म्हणून बाईंनी काही विचारलं की ती गप्प उभी राहायची. उत्तर येत असलं तरी. हॉलमध्ये तिला कोणी हसत नव्हतं. वनिताची लाथ बघायला शेजारच्या वर्गात थांबलेले शिक्षकसुद्धा दारात येत. तिचा पाय वर जाताना दिसायचाच नाही. दिसायचा तो परत आलेला.

सरांनी आमची जोडी लावली. मी ठोसा येताना डोळे मिटायचे, ही माझी अडचण होती. वनिता समोरून हात सोडायची, माझ्या नाकाशी आणून थांबवायची, आणि मी डोळे मिटलेलीच असायचे. कितीतरी आठवडे असं चाललं. एका संध्याकाळी मी डोळे मिटून पुढे गेले आणि ठोसा खरोखर लागला. नाकातून रक्त आलं, ड्रेसवर सांडलं. वनिता घाबरून रडायला लागली. सरांनी मला खाली बसवलं, मान पुढे करून नाक धरायला लावलं आणि तसंच माझ्याजवळ उकिडवे बसले.

“दुखतंय?”

मी मान हलवली. दुखत होतं.

“किती दुखतंय, नीट बघ. तू घाबरली होतीस तेवढं?”

मी विचार केला. तेवढं नव्हतं.

“मग डोळे उघडे ठेव,” सर म्हणाले. “लागायचं ते लागणारच. कुठून येतंय ते तरी दिसेल.”

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेला मला ताप आला. मी तरीही गेले. मध्ये एकदा उठून बाहेर जाऊन आले, आणि परत येऊन बसले. एवढंच झालं. पण मी सगळ्या पेपरांना बसले आणि नववीत गेले, आणि नववीत ताप कमी आला. हे सांगताना मला त्यात काही चमत्कार दिसत नाही. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी माझ्याकडे हात उगारत होतं, आणि मी रोज घरी जाऊन जेवत होते.

रांग थोडी पुढे सरकली. खिडकीखाली आता मतदान अधिकाऱ्यांची टेबलं होती, तिथे पूर्वी सर उभे राहायचे.

आम्ही दहावीत असताना नवरात्रात ठाण्याला बेल्टची परीक्षा होती. टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये, सरांचे स्वतःचे गुरू परीक्षा घ्यायला येणार होते. वनिता ब्राउन बेल्टला बसणार हे सगळे धरूनच चालले होते. चाचणीचे निकाल लागले, आणि ती गणितात नापास झाली. सरांनी तिला काही सुनावलं नाही. ठाण्याला कोण कोण येणार ते सांगताना तिचं नाव घेतलं नाही, एवढंच. आम्ही ठाण्याला गेलो. नाक्यावर देवीचा मांडव, झेंडूचा आणि धुपाचा वास, रस्त्यावर नवीन साड्यांची गर्दी, आणि त्यातून पांढऱ्या ड्रेसमध्ये चाललेलो आम्ही. मी पास झाले. 

दोन-चार दिवसांनी नाना हॉलच्या दारात आले. रोज ते वनिताला न्यायला सायकलवर यायचे आणि फाटकाशी थांबायचे. त्या दिवशी चपला काढून आत आले. उंच, काळेभोर, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आम्ही सगळे रांगेत उभे होतो.

“सर, माजी पोरगी या सगल्यांत चांगली खेलते,” नाना म्हणाले. “मंग तिला ठान्याला कशी नाय नेली?”

सर म्हणाले, ती गणितात नापास झाली.

“लाथ माराला गनित लागतंय?”

“लाथ मारायला नाही लागत. बाकीच्याला लागतं.”

नानांनी मग सांगितलं की गणित त्यांच्या घरात कोणालाच कधी जमलं नाही. पोरगी दहावीला बसून नापासच होणार असेल, तर कशाला बसवायची. दिवाळीनंतर तिला शाळेतून काढायचं त्यांच्या मनात आहे. घरात आई आजारी असते, कामाला माणूस हवं. हे ते रागाने बोलत नव्हते, हिशेबाने बोलत होते. वनिता माझ्या शेजारी उभी होती. तिने समोर बघणं सोडलं नाही.

मग नानांनी विचारलं, “तुमी कितवी शिकलाव, सर?”



“मॅट्रिक नापास,” सर म्हणाले. “गणितातच राहिलो.”

“मंग तुमचा बेल्ट कसा काला झाला?”

कोणी हसलं नाही. नानाही हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.  सर मागे वळले आणि त्यांनी आम्हाला मोजायला लावलं. नाना वनिताचा क्लास संपेपर्यंत दारातच उभे राहिले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच संध्याकाळी सर क्लास सुरू व्हायच्या आधी फाटकाशी लवकर येऊन थांबलेल्या नानांकडे गेले. आम्ही चटया घालत होतो, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. सरांनी सांगितलं की त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. बाहेरून परीक्षा देणारे भरतात तो. मार्चमध्ये ते दहावीला बसणार. वनितालाही बसू द्या.

“आन् दोगं नापास झालाव तं?” नानांनी विचारलं.

“तर दोघं परत बसू.”

नानांनी सायकल वळवून धरली. मग नुसतं “बरा” म्हणाले आणि निघून गेले. वनिता शाळेत राहिली.

त्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी माझ्या आठवणीत सगळ्या एकच होऊन गेल्या आहेत. क्लास संपला की लहान मुलं घरी जात, आणि आम्ही तिघं हॉलमध्ये मागे राहत असू. गणित मला येतं म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे आलं. शिपाईमामा एक फळा टेकवून ठेवत. चटया काढल्यावर फरशी गार लागायची, बाहेर कुणीतरी सुका पाला जाळलेला असायचा आणि धूर खिडकीतून आत येऊन दिव्याभोवती घोटाळायचा. सर आमच्यासारखेच मांडी घालून बसायचे, मांडीवर पाटी घेऊन. त्यांना वही आवडत नसे. चुकलं की पुसता येतं, म्हणायचे.

बीजगणित दोघांनाही जड जात होतं. पण भूमितीत आम्हाला एक वाट सापडली. वनिता म्हणायची, माझ्या लक्षात काही राहत नाही. मी म्हटलं, काता कसा राहतो? काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एक मोठा क्रम. कुठे वळायचं, कुठला हात, कुठला पाय, सगळं पाठ लागतं, आणि वनिताचा कधी एक पाय चुकायचा नाही. ती म्हणाली, तो मला थोडाच लक्षात ठेवावा लागतो, एक झालं की दुसरं येतं. मग सर उठले. त्यांनी खडूने फरशीवर मोठा त्रिकोण काढला, वनिताला एका कोपऱ्यावर उभं केलं आणि म्हणाले, चल, कशाने सुरुवात?

पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. पुस्तकातले ते चार शब्द आम्ही आकड्यांसारखे ओरडायला लागलो. पक्ष म्हणताना नमस्कार, साध्य म्हणताना नजर समोर, रचना म्हणताना रेघेवरून चालत जायचं, आणि मग सिद्धता, एकेका पायरीला एकेक पाऊल. पाऊल चुकलं की परत पहिल्यापासून. वनिता त्या त्रिकोणावर चालता चालता प्रमेय म्हणायची, आणि चुकली की स्वतःच थांबून मागे जायची. ती मोठ्याने बोलत होती, ‘ल’ आणि ‘न’ तिचेच ठेवून, हे मला खूप नंतर लक्षात आलं. सर तिच्यामागून चालायचे. मोठा माणूस खडूच्या रेघेवरून जपून पाऊल टाकताना बघून मला सुरुवातीला अवघड वाटायचं, मग वाटेनासं झालं. शिपाईमामा दारात झाडू धरून उभे राहायचे. त्रिकोण पुसायची त्यांना घाई नसायची.

एक गोष्ट मला त्या वेळी कळली नव्हती. दोघांना शिकवताना मी परीक्षेचा विचार करत नव्हते.

मार्चमध्ये गणिताच्या पेपरच्या सकाळी मी जागी झाले आणि तापाची वाट बघत पडून राहिले, ठरलेल्या पाहुण्याची बघावी तशी. आईने कपाळाला हात लावला. गार होतं. पेपर हातात आल्यावर डोळे मिटायला लागले, आणि मी ते मिटू दिले नाहीत. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत सगळा कागद एकदा नुसता वाचला. कुठून काय येतंय ते दिसलं. मग लिहायला घेतलं. चार बाकं पुढे वनिता बसली होती. प्रमेयाच्या प्रश्नाला तिचे पाय बाकाखाली हलत होते.

सरांचं केंद्र कल्याणला होतं. त्यांच्याबरोबर कोण बसलं, त्यांना बाकावर नीट बसता आलं का, हे आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मला चांगले मार्क मिळाले. वनिता पास झाली. गणितात काठावर, पण पास. तिच्या गावात त्या वर्षी पास झालेली ती एकटीच मुलगी होती, आणि नानांनी अख्ख्या गावाला पेढे वाटले. हॉलमध्येही एक पुडा आला. आम्ही तो घेऊन सरांची वाट बघत बसलो. ते आले, तेव्हा वनिताने विचारलं, सर, तुमचं?

“गणित राहिलं,” सर म्हणाले. त्यांनी पेढा घेतला आणि पूर्ण खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ते कपडे बदलून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या कमरेला बेल्ट नव्हता. ड्रेसच्या आतल्या नाड्या तेवढ्या बांधलेल्या. आम्हाला वाटलं विसरले. पण ते समोर येऊन उभे राहिले, गुडघे मुडपून बसले, आणि डोळे मिटताना म्हणाले, “नियम सगळ्यांना एकच आहे.” 

बेल्ट नसला की ड्रेस नीट राहत नाही. प्रत्येक लाथेला पुढचा भाग सुटायचा, आणि सर तो हाताने सारखा करून पुन्हा सुरू करायचे. लहान मुलांनी त्यांचं नाव बिनबेल्टचे सर पाडलं. त्यांना ते थट्टेचं वाटत नव्हतं, ओळखीचं वाटत होतं. दोन पालकांनी मुलं काढून दुसऱ्या क्लासला घातली. ज्याला बेल्ट नाही तो काय शिकवणार, असं त्यांचं म्हणणं आमच्यापर्यंत आलं. एका आईने सरांना आडून सुचवलंही, की मुलांसमोर हे बरं दिसत नाही. सर म्हणाले, मुलांसमोरच दिसायला हवं. पावसाळाभर ते तसेच आले. वाळत घातलेल्या छत्र्यांचा वास, दमट काथ्या, आणि त्या ओळीत ब्लॅक, ब्राउन, ग्रीन, यलो, आणि समोर काहीच न बांधलेला माणूस. आम्ही अकरावीला गेलेलो, तरी हॉलमध्ये येणं सोडलं नव्हतं. क्लासनंतर त्रिकोण पुन्हा काढला जात होता. आता त्यावर सर एकटे चालत आणि वनिता त्यांच्या मागून. चुकलं की ती सांगायची, “सर, पक्षापासून.”

वनिता अकरावीला कशी गेली, हे सांगायचं राहिलं. निकालानंतर नाना रोज तिला न्यायला येत होते, आणि आता फाटकाशी न थांबता हॉलच्या दारात उभे राहत होते.  बिनबेल्टच्या माणसाकडे बघत असत. जूनच्या शेवटी एक दिवस त्यांनी वनिताला सकाळी सायकलवर बसवलं आणि कल्याणला कॉलेजात नेऊन तिचं नाव घातलं. ती सांगते, वाटेत त्यांनी एवढंच विचारलं की अकरावीत गणित असतं का. आर्ट्सला नसतं म्हटल्यावर ते म्हणाले, मग जरा सोपं जाईल.

माझा नंबर आला. बोटाला शाई लागली, बटण दाबलं, यंत्राचा लांब आवाज झाला आणि मी मागच्या दाराने बाहेर पडले. काम पाच मिनिटांचं होतं.

वनिता आता खडवलीला असते. बारावी झाल्यावर तिने डी.एड. केलं, आणि तिकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मागेच मुख्याध्यापिका झाली. आम्ही फोनवर बोलतो, वर्षातून दोनदा. नाना गेले. सर मोहन्याहून त्यांच्या गावी परत गेले. तिथून पहिली काही वर्षं दिवाळीला शुभेच्छा यायच्या, मग थांबल्या. मी स्वतः बँकेत नोकरी केली. कराटे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुटलं आणि परत कधी धरलं नाही. हे सगळं ज्याचं त्याचं होऊन गेलं आहे आणि त्याबद्दल मला विशेष हळहळ वाटत नाही. पण मैदान ओलांडून रिक्षा बघत असताना मला एकच संध्याकाळ सलग दिसत राहिली.

सरांनी ऑक्टोबरची परीक्षा पुन्हा दिली होती. निकाल थंडीत लागला. त्या संध्याकाळी आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही चटया घालून रांगेत बसलो होतो. सर कपडे बदलून बाहेर आले, आणि कमरेला बेल्ट होता. तोच, कडांना पांढरा पडलेला, महिनोनमहिने घडी करून ठेवल्यामुळे मध्येमध्ये मोडलेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी आम्हाला तशी सवयच लावली नव्हती. एका छोट्या मुलीने, जी पावसाळ्यात नवी आली होती आणि जिने बेल्ट बांधलेले सर कधी पाहिलेच नव्हते, शेजारणीला विचारलं, हे कोणते सर? वनिता माझ्याकडे बघून हसली आणि मग तिने मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही.

आम्ही मोजायला सुरुवात केली. इतक्या जोरात, की शिपाईमामा धावत आले.

नाना दारात उभे होते. हातात ओल्या पिशवीत मोठं जिताडं, शेपटी बाहेर आलेली. सकाळी खाडीत मिळालेलं. बातमी त्यांना आधीच कुठून कळली होती, की ते सहज आले होते, ते मला ठाऊक नाही. मोजणं थांबेपर्यंत ते थांबले. मग चपला काढून आत आले, चटईच्या कडेपर्यंत. चटईवर पाय ठेवला नाही.

“सर,” ते म्हणाले, “हिची बारावी पुडच्या वर्साला. तुमी बारावीचा फारम कवा भरताव?”

सर हसले. आम्ही त्यांना हसताना फार कमी पाहिलं होतं. ते पुढे आले, पाय जुळवून नानांसमोर उभे राहिले आणि सामना सुरू करण्याआधी वाकतात तसे कमरेतून वाकले. नानांना काय करावं ते कळेना. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग मासळीची पिशवी जपून फरशीवर ठेवली, हात पुसले, आणि तेही वाकले.